न आलेली यंत्रे आणि 'अशक्य' ठरवलेला एक प्रोग्रॅम

२९ एप्रिल १९९४. कमोडोर इंटरनॅशनल या कंपनीने आपण गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर केले. तिचा 'ॲमिगा' हा संगणक त्या वेळी युरोपातील लाखो घरांत टेबलावर मांडलेला होता. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखाच सुरू झाला. मात्र त्याचा पुढचा अवतार कोण काढणार, हे सांगायला आता कोणी उरले नव्हते.

पुढची सहा-सात वर्षे या संगणकाचे चाहते दोन प्रश्नांची अखंड चर्चा करीत राहिले. नवा ॲमिगा कधी येणार? आणि ॲमिगाचे हुबेहूब सोंग घेणारा प्रोग्रॅम, म्हणजे एम्युलेटर, दुसऱ्या संगणकावर कधी होऊ शकेल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'लवकरच' असे सगळे देत. दुसऱ्याचे उत्तर जाणकार मंडळी 'कधीच नाही' असे देत. दोन्ही उत्तरे चुकली. ती कशी चुकली, याचा हा धागा.

प्रथम त्या काळाची रीत समजून घ्यावी लागते. १९८० च्या दशकातील घरगुती संगणकांना एकमेकांची भाषा येत नसे. सिंक्लेअर स्पेक्ट्रमसाठी घेतलेली कॅसेट कमोडोर ६४ वर चालत नसे आणि कमोडोरचा खेळ अटारीवर. यंत्र विकत घेणे म्हणजे एका घराण्याशी सोयरीक करणे होते. ते घराणे बुडाले की त्यासाठी घेतलेले खेळ, स्वतः रात्र-रात्र जागून लिहिलेले प्रोग्रॅम, टंकलेली पत्रे, सारेच अडगळीत जाई. त्यामुळे 'पुढे काय येणार' या चौकशीमागे निव्वळ कुतूहल नसे. पुष्कळदा घरातल्या वर्षभराच्या बचतीचा निर्णय त्यावर ठरे.

बातम्या कळण्याच्या वाटा मोजक्या होत्या. महिन्यातून एकदा येणारी मासिके, गावातले संगणक मंडळ, दुकानदाराने खाजगीत सांगितलेली गोष्ट आणि टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने जोडले जाणारे बुलेटिन बोर्ड. पुढे विद्यापीठांतल्या मंडळींना युजनेट मिळाले. मासिकातला मजकूर छपाईच्या कित्येक आठवडे आधी लिहावा लागे. वाचकाच्या हाती पडेपर्यंत तो शिळा झालेला असे आणि मधली रिकामी जागा कर्णोपकर्णी आलेल्या वार्ता भरून काढीत.

आवया उठवण्यात रिकामटेकड्या पोरांचा हात असे, असा आज समज होतो. प्रत्यक्षात मोठमोठ्या आवया कंपन्यांनीच उठवल्या. १२ जानेवारी १९८४ रोजी सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने लंडनमध्ये 'क्यूएल' हा संगणक वाजतगाजत जाहीर केला. किंमत ३९९ पौंड, पैसे भरल्यावर २८ दिवसांत घरपोच. त्या दिवशी विकण्याजोगे यंत्र तयारच नव्हते. पहिल्या ग्राहकांना ते वसंत ऋतूत मिळाले, तेही कसे? यंत्रातला कायमस्वरूपी प्रोग्रॅम ठरलेल्या जागेत मावला नाही, म्हणून त्याचा उरलेला भाग एका डबीत घालून ती डबी यंत्राच्या पाठीला अडकवून पाठवलेली होती. मराठीत याला 'बाजारात तुरी' म्हणतात. कॅलिफोर्नियात याच सुमारास 'व्हेपरवेअर' हा शब्द रूढ होत होता. तुरी निदान बाजारात तरी असतात.

आगाऊ घोषणेचा उलटा फटकाही बसतो, हे दाखवण्यासाठी नेहमी ऑस्बोर्न कंपनीचे उदाहरण देतात. नव्या यंत्राची बातमी आधीच फुटली, जुने कोणी घेईना आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनी बुडाली, अशी ती कथा. 'ऑस्बोर्न परिणाम' हा शब्दप्रयोग त्यावरूनच आला. पुढे काही अभ्यासकांनी या कथेवरच शंका घेतली. कंपनीच्या हिशेबातले गोंधळ आणि प्रतिस्पर्ध्यांची सरशी ही कारणेही तितकीच वजनदार होती, असे त्यांचे म्हणणे. अफवांच्या परिणामांविषयी सर्वांत अधिक सांगितली जाणारी गोष्ट स्वतःच निम्मी अफवा असावी, हे या विषयाला साजेसेच आहे.

१९८६ साली 'सिंक्लेअर युजर' या ब्रिटिश मासिकाने 'लोकी' नावाच्या भावी स्पेक्ट्रमचे वर्णन छापले. खास चिपा, ॲमिगाच्या तोडीची चित्रे आणि ध्वनी, आणि किंमत मात्र सामान्यांच्या आवाक्यातली. त्याच वर्षी ७ एप्रिलला ॲमस्ट्रॅडने सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय ५० लाख पौंडांना विकत घेतल्याचे जाहीर झाले आणि लोकी कागदावरच राहिला. लोकी हा नॉर्स पुराणातला फसवा देव. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी असावी.

आता ॲमिगाकडे वळू. याचा जन्मच कुजबुजीत झाला. अटारीतून बाहेर पडलेले चिपरचनाकार जे मायनर यांच्या छोट्या कंपनीत १९८२ पासून हे यंत्र घडत होते. स्पर्धकांना सुगावा लागू नये म्हणून कंपनी उघडपणे जॉयस्टिक विकत असे. यंत्राचे गुप्त नाव होते 'लॉरेन'. जानेवारी १९८४ च्या ग्राहक-इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात ते निवडक पाहुण्यांना बंद दाराआड दाखवले गेले. पडद्यावर लाल-पांढऱ्या चौकटींचा एक चेंडू टप्पे घेत फिरत होता. टेबलावर केवळ तारांचे जंजाळ. एवढ्याशा सामानातून असे चित्र निघणे शक्य नाही, खरा संगणक खाली दडवला असणार, म्हणून पाहुणे टेबलाचे कापड उचलून पाहत, अशी आठवण कंपनीतली मंडळी पुढे सांगत.

ॲमिगा हा पहिल्या दिवसापासून 'विश्वास न बसण्याजोगा' संगणक होता. ही प्रतिमा पुढच्या सगळ्या चर्चेच्या मुळाशी आहे.

कमोडोरने ही कंपनी १९८४ मध्ये विकत घेतली आणि २३ जुलै १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये ॲमिगाचे थाटात अनावरण केले. चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी मंचावर गायिका डेबी हॅरी यांचे चित्र या संगणकावर रंगवून दाखवले. किंमत १२९५ डॉलर. मात्र कचेरीत काम करणाऱ्या ग्राहकाचा प्रश्न साधा होता: आयबीएम पीसीचे प्रोग्रॅम यावर चालतील का?

कंपनीचे उत्तर होते, होय. यंत्र एम्युलेशन करील. हा शब्द बहुतेक ग्राहकांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला असेल. एम्युलेटर हा एक बहुरूपी असतो. खाली यंत्र एक, पण प्रोग्रॅमला भासते की आपण दुसऱ्याच यंत्रावर चालत आहोत. पाहुण्या यंत्राची प्रत्येक आज्ञा वाचायची, तिचा अर्थ लावायचा आणि तेच काम आपल्या भाषेत करायचे. एका आज्ञेसाठी आपल्या दहा-वीस आज्ञा खर्ची पडतात. सोंग जितके दूरचे, तितका वेळ अधिक.

१९८६ च्या आरंभी 'ट्रान्सफॉर्मर' नावाचा हा बहुरूपी विक्रीला आला. तो खरा होता, म्हणजे चालत होता. परंतु रंगीत चित्रे नाहीत, केवळ अक्षरे, आणि वेग असा की ओळ उमटेपर्यंत चहाचा घोट घ्यावा. ज्यांनी घोषणेवर भिस्त ठेवून यंत्र घेतले होते, त्यांची निराशा झाली. कमोडोरच्या जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील अभियंत्यांनी मग वेगळाच मार्ग काढला. 'साइडकार' नावाचा डबा ॲमिगाच्या कुशीला जोडायचा. त्याच्या आत खराखुरा पीसी प्रोसेसर. सोंग घेण्यापेक्षा पाहुण्यालाच घरात आणून बसवणे त्यांना सोपे वाटले.

याच काळात वापरकर्त्यांना एक हिशेब अनुभवाने कळू लागला. १९८८ च्या सुमारास ॲमिगावर कमोडोर ६४ चे सोंग घेणारे प्रोग्रॅम बाजारात आले. कमोडोर ६४ चा प्रोसेसर सुमारे १ मेगाहर्ट्झचा, ॲमिगाचा ७ मेगाहर्ट्झहून थोडा अधिक. सातपट वेग असूनही जुने खेळ रांगत चालत. धाकट्या भावाची नक्कल करताना थोरल्याची दमछाक होत होती.

उलट, ॲपल मॅकिंटॉशची नक्कल झकास जमली. कारण सोपे होते. मॅक, ॲमिगा आणि अटारी एसटी या तिघांतही मोटोरोलाचा ६८००० हाच प्रोसेसर होता, त्यामुळे आज्ञांचे भाषांतर करावेच लागत नसे. अटारीसाठी डेव्हिड स्मॉल या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९८६ मध्ये 'मॅजिक सॅक' काढले. पुढे त्यांच्याच 'स्पेक्टर'वर मॅकचे प्रोग्रॅम मूळ मॅकपेक्षा किंचित वेगाने आणि अधिक मोठ्या पडद्यावर चालू लागले. १९८९ मध्ये ॲमिगाला 'ए-मॅक्स' मिळाले. अट एकच: ॲपलच्या मूळ रॉम चिपा कुठून तरी मिळवाव्या लागत. चिपा कोणाकडे आहेत, कितीला आहेत, ॲपल त्या बंद करणार आहे का, याच्या वार्ता मंडळांतून फिरत.

मॅकची नक्कल मूळ मॅकपेक्षा स्वस्त पडते, याचा ॲमिगावाल्यांना कोण अभिमान! आमचे यंत्र सगळ्यांची सोंगे घेऊ शकते, आमचे सोंग मात्र कोणाला घेता येणार नाही, असा तो अभिमान होता.

या अभिमानाला तांत्रिक आधारही होता. ॲमिगात मुख्य प्रोसेसर एकटा राबत नसे. ॲग्नस, डेनिस आणि पॉला अशी नावे दिलेल्या तीन खास चिपा त्याच्या बरोबरीने, त्याच मेमरीवर, एकाच वेळी काम करीत. ॲग्नसच्या पोटात 'कॉपर' नावाचा एक चिमुकला कारभारी होता. टीव्हीच्या पडद्यावर चित्र वरून खाली ओळीओळीने रेखले जाते. कॉपर त्या रेघेवर डोळा ठेवून असे. रेघ अमुक ओळीवर पोचली की हा रंग बदल, तमुक ओळीवर पोचली की ते चित्र सरकव, अशा आज्ञा तो नेमक्या क्षणी पाळी. ॲमिगाच्या खेळांतले वर गडद आणि क्षितिजाशी फिकट होत जाणारे आकाश पुष्कळदा या युक्तीने रंगवलेले असे. खेळ लिहिणारी मंडळी ऑपरेटिंग सिस्टिमला बाजूला सारून थेट या चिपांशी बोलत. म्हणजे नक्कल करायची तर केवळ प्रोसेसरची नव्हे, चौघांची, आणि तीही ताल न चुकवता.

त्यात फ्लॉपीची भर. ज्या चकतीवर पीसी ७२० किलोबाइट लिही, त्याच चकतीवर ॲमिगा ८८० किलोबाइट लिही. त्यासाठी तो संपूर्ण वर्तुळ एका दमात, मध्ये मोकळ्या जागा न सोडता लिहीत असे. पीसीच्या फ्लॉपी-नियंत्रक चिपेला ही लिपी वाचताच येत नसे. आता सामान्य वापरकर्त्याच्या मनात दोन गोष्टींची सरमिसळ झाली. जो पीसी आमची फ्लॉपी वाचू शकत नाही, तो आमचा संगणक काय वठवणार? हा युक्तिवाद लटका होता. फ्लॉपी वाचणे वेगळे आणि यंत्र वठवणे वेगळे. पण चर्चेत तो हमखास टाळ्या घेई.

दरम्यान कमोडोरच्या नव्या यंत्रांविषयी आवयांचा मोसम जोरात होता आणि त्यातल्या काही खऱ्याही होत्या, हे विसरून चालणार नाही. कमोडोर ६५ घ्या. जुन्या ६४ चा थोरला भाऊ, आत फ्लॉपी ड्राइव्हसह, तयार होत असल्याची कुजबुज होती. असे यंत्र १९९०-९१ मध्ये खरोखर घडवले गेले होते. कंपनीने ते रद्द केले. कंपनी बुडाल्यावर मालाची विक्री झाली तेव्हा त्याचे नमुने बाहेर आले आणि अफवेला अचानक वजन, रंग आणि कीबोर्ड प्राप्त झाला.

१९९२ चे साल तर आवयांवर कान न ठेवणाऱ्यांना महागात गेले. मार्चमध्ये ॲमिगा ६०० आला. मुळात तो ॲमिगा ३०० या नावाने, स्वस्त यंत्र म्हणून योजलेला होता. बाजारात आला तो ३९९ पौंडांना आणि कीबोर्डवरची आकड्यांची पट्टी गाळून. ऑक्टोबरमध्ये ॲमिगा १२०० जाहीर झाला: अधिक वेगवान प्रोसेसर, अधिक रंगांचा नवा चिपसंच, आणि किंमत तीच, ३९९ पौंड. वाढदिवसाला ६०० घेऊन बसलेल्या पोरांची तोंडे पाहण्याजोगी झाली असतील. 'नवीन चिपा येत आहेत, थोडे थांबा' असे सांगणारे या वेळी बरोबर निघाले.

दुर्दैव असे की एकदा बरोबर निघालेली अफवा पुढच्या दहा अफवांना पत मिळवून देते. १२०० मधल्या चिपसंचाच्या पलीकडे 'एएए' नावाचा आणखी प्रबळ संच कमोडोरच्या प्रयोगशाळेत आहे, हे सर्वांना ठाऊक होते. तो खरोखर होताही. डेव्ह हेनी हे कमोडोरचे अभियंते चाहत्यांशी संगणक-जाळ्यावर मोकळेपणाने बोलत, त्यामुळे चाहत्यांना कारखान्याच्या आतला वास येत असे. 'निक्स' नावाचा एएएचा चाचणी-नमुनाही बनला. पण कंपनीपाशी पैसा उरला नव्हता. हेनी यांनी १९९४ मध्ये वेस्ट चेस्टरच्या कार्यालयातले अखेरचे दिवस व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपले. 'द डेथबेड व्हिजिल' या नावाने ती फीत चाहत्यांत फिरली. त्याच वर्षी जूनमध्ये जे मायनरही वारले.

आता सुरू झाला वारसदारांचा खेळ. कोण विकत घेणार? कमोडोरच्या ब्रिटिश शाखेचे व्यवस्थापक पुढे आले, फ्लोरिडातली एक कंपनी पुढे आली, अनेक बड्या नावांची कुजबुज झाली. मासिके दर महिन्याला 'पुढच्या अंकात नक्की' असे छापत राहिली. निकाल लागायला जवळजवळ एक वर्ष गेले. एप्रिल १९९५ मध्ये जर्मनीच्या एस्कॉमने बोली जिंकली.

एस्कॉमने ॲमिगा १२०० पुन्हा बाजारात आणला. तीन वर्षांपूर्वीचे यंत्र, तीन वर्षांपूर्वीच्याच ३९९ पौंडांना. वर त्यात बसवलेला फ्लॉपी ड्राइव्ह मुळात पीसीचा, जुळवून घेतलेला, त्यामुळे काही जुने खेळ त्यावर अडून बसत. मार्च १९९६ मध्ये हॅनोव्हरच्या सेबिट प्रदर्शनात कंपनीने 'वॉकर' हे नवे यंत्र दाखवले. त्याचा आकार पाहून कोणाला व्हॅक्यूम क्लीनर आठवला, कोणाला डार्थ व्हेडरचे शिरस्त्राण. जुलै १९९६ मध्ये एस्कॉमच बुडाली. वॉकर प्रदर्शनाच्या टेबलावरून पुढे एक पाऊलही चालला नाही.

फेज फाइव्ह ही जर्मन कंपनी ॲमिगासाठी उत्तम वेगवर्धक पाट्या बनवीत असे. तिने 'ए-बॉक्स' जाहीर केला: पॉवरपीसी प्रोसेसर आणि 'काइपिरिन्या' नावाची एकच महाचिप. काइपिरिन्या हे ब्राझीलमधल्या एका मद्याचे नाव आहे. मासिकांनी आकृत्या छापल्या, वाचकांनी पैसे साठवायला घेतले, यंत्र आले नाही. न्याय करायचा तर हे नोंदवले पाहिजे की याच कंपनीच्या पॉवरपीसी पाट्या खरोखर आल्या आणि पुष्कळांनी त्या वापरल्या.

१९९७ मध्ये अमेरिकेच्या गेटवे कंपनीने ॲमिगा विकत घेतला. तिला रस पेटंटांत होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मे १९९८ मध्ये लंडनला नव्या ॲमिगाची घोषणा झाली. त्यात एक रहस्यमय चिप होती, जिचे नाव सांगायचे नाही असे ठरलेले. मग चाहत्यांनी महिनोन्‌महिने ती चिप कोणाची, याचेच कोडे सोडवले. त्याच वर्षाच्या अखेरीस जाहीर झाले की पाया क्यूएनएक्स ही प्रणाली असेल. जुलै १९९९ मध्ये जाहीर झाले की क्यूएनएक्स नव्हे, लिनक्स. आणखी दोन-तीन महिन्यांत सगळेच रद्द.

या घोषणांवर विश्वास ठेवणाऱ्यांना भाबडे म्हणणे सोपे आहे. पण त्यांच्या बाजूने पाहावे. कुणापाशी दोन-तीनशे फ्लॉप्या होत्या, कुणी ॲमिगावर संगीत रचून पोट भरत होता, कुणी स्थानिक केबल टीव्हीची शीर्षके त्यावर बनवीत होता. 'नवीन येणार' ही वार्ता खरी मानली तर आणखी एक वर्ष टिकता येत होते. खोटी मानली तर सगळे सोडून पीसी घ्यावा लागत होता. पुष्कळांनी तसा घेतलाही, आणि मासिकांचा खप ओसरत गेला. 'ॲमिगा पॉवर' १९९६ मध्ये बंद पडले, 'सीयू ॲमिगा' १९९८ मध्ये, 'ॲमिगा फॉरमॅट' २००० मध्ये.

आणि आता तो अशक्य प्रोग्रॅम. १९९५ साली, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये एस्कॉमची बोली मान्य होत होती त्याच वर्षी, जर्मनीतील आखेन येथील बेर्न्ट श्मिट नावाच्या विद्यार्थ्याने 'यूएई' या नावाने एक प्रोग्रॅम युजनेटवर ठेवला. त्या तीन अक्षरांचा अर्थ त्याने दिला होता: निरुपयोगी ॲमिगा एम्युलेटर. नाव खोटे नव्हते. आरंभी तो सुरूसुद्धा होत नसे. जिथे कंपन्या नसलेल्या यंत्रांची जाहिरात करीत होत्या, तिथे एक मुलगा असलेल्या प्रोग्रॅमला निरुपयोगी म्हणवून वाटत होता.

पुढे तो चालू लागला, तेव्हा 'निरुपयोगी'च्या जागी 'युनिक्स' आले. चालणे म्हणजे तरी काय? १०० मेगाहर्ट्झचा पेंटियम त्या काळी श्रीमंती समजली जाई. तो ॲमिगाच्या चौदापट वेगाचा. त्यावर खेळ मंदगतीने, कित्येकदा आवाजाविना सरकत. ज्यांनी 'अशक्य' म्हटले होते, त्यांनी आता 'निरर्थक' म्हणायला सुरुवात केली.

त्यांचा कमोडोर ६४ वरून काढलेला हिशेब बरोबरच होता. चौदापट वेग पुरणार नव्हता. पण पीसीचा वेग दर दोन-एक वर्षांनी दुप्पट होत होता, हे त्या हिशेबात धरलेले नव्हते. दुसरे म्हणजे, पहिल्याच दिवशी प्रत्येक क्षण अचूक वठवला पाहिजे, असे त्यांनी गृहीत धरले. श्मिटने तसे केले नाही. आधी ढोबळ सोंग, मग एकेका खेळावरून एकेक चूक दुरुस्त. मूळ कोड सर्वांना खुला असल्याने दुरुस्त करणारे हात वाढत गेले. डॉस, विंडोज, मॅक, सगळीकडे आवृत्त्या निघाल्या. एक आवृत्ती खुद्द ॲमिगावरही निघाली. ॲमिगाने ॲमिगाचे सोंग घेण्यात काय साधले, हे विचारू नये. नॉर्वेच्या पेटर शाउ यांचा 'फेलो' हा दुसरा एम्युलेटरही याच सुमारास पुढे आला आणि दोघांची निरोगी चढाओढ लागली.

फ्लॉपीचे कोडेही सुटले, अगदी देशी पद्धतीने. पीसीला ॲमिगाची चकती वाचता येत नाही ना? मग ॲमिगालाच वाचू द्या. दोन्ही यंत्रे एका तारेने जोडायची, ॲमिगाने चकती वाचून तिची बित्तंबातमी पलीकडे पाठवायची, पीसीने ती फाइल म्हणून साठवायची. एकेका चकतीला बराच वेळ लागे. ज्यांच्यापाशी तीनशे चकत्या होत्या, त्यांच्या रात्री याच कामी गेल्या. आज इंटरनेटवर ॲमिगाचे जे भांडार दिसते, त्याचा पाया या कंटाळवाण्या रात्रींत घातला गेला. चकत्यांवरचा चुंबकीय थर तोवर झिजू लागलेला होता. आणखी दहा वर्षे 'नव्या ॲमिगा'ची वाट पाहून मग हे काम हाती घेतले असते तर त्यातले पुष्कळसे वाचताच आले नसते.

कायद्याचा प्रश्न उरला. सोंगाला 'किकस्टार्ट' हा ॲमिगाचा रॉम लागे आणि त्यावर मालकी ज्या कंपनीची, ती दर दोन वर्षांनी बदलत होती. १९९७ मध्ये इटलीच्या क्लोआन्तो या कंपनीने रीतसर परवाना घेऊन 'ॲमिगा फॉरेव्हर' काढले: रॉम, प्रणाली आणि एम्युलेटर एकाच सीडीवर. वॉकर आणि ए-बॉक्ससाठी पैसे राखून ठेवणाऱ्या चाहत्याला दुकानात जाऊन विकत घेण्याजोगी, ॲमिगा हे नाव असलेली एक नवी वस्तू अखेर मिळाली.

मराठी वाचकाला येथे पानिपतानंतरचा भाऊसाहेबांचा तोतया आठवला तर नवल नाही. परतून न आलेल्या माणसाची वाट पाहणाऱ्यांना त्याच्या रूपाचा कोणी तरी हवाच असतो. फरक इतकाच की त्या तोतयाची चौकशी झाली, तेव्हा सोंग उघडे पडले. या तोतयाची जितकी चौकशी झाली, तितका तो मुळाबरहुकूम होत गेला.

२००० च्या सुमारास यूएईमध्ये एक नवे तंत्र आले. प्रत्येक आज्ञेचे भाषांतर दर वेळी करण्याऐवजी एकदा केलेले भाषांतर जपून ठेवायचे आणि पुन्हा वापरायचे. त्यामुळे साध्या पीसीवरचा नकली ॲमिगा कुठल्याही अस्सल ६८००० घराण्यातल्या ॲमिगापेक्षा वेगाने धावू लागला.

नवी यंत्रेही अखेर आली, नाही असे नाही. २००२ पासून 'ॲमिगावन' नावाची पॉवरपीसी यंत्रे थोड्या संख्येने विकली गेली आणि त्यांच्यासाठी ॲमिगा ओएसची चौथी आवृत्ती निघाली. परंतु त्यांत ॲग्नस नव्हती, डेनिस नव्हती, पॉला नव्हती. थेट चिपांशी बोलणारे जुने खेळ त्यांवर खेळायचे तर त्यांवरही यूएईच चालवावा लागे.

एप्रिल २०२२ मध्ये ब्रिटनच्या रेट्रो गेम्स या कंपनीने 'ए-५०० मिनी' बाजारात आणला. १९८७ च्या ॲमिगा ५०० ची तळहातावर मावेल अशी प्रतिकृती, सोबत तसाच चौकोनी माउस. कीबोर्डची बटणे केवळ शोभेची, ती दाबता येत नाहीत. आत मोबाइलसारखा एआरएम प्रोसेसर आहे आणि त्यावर चालतो यूएईच्या कुळातला 'ॲमिबेरी'.